कळवणे वेगळे, शिकवणे वेगळे

टेबलावर पाण्याची कळशी, एक पेला, एक चमचा आणि ओआरएसचा पुडा ठेवला होता. समोर सतरंजीवर गावातल्या तरुण आया बसल्या होत्या. कुणाच्या मांडीवर मूल, कुणाचे पदर ओढणारे. त्याआधी महिनाभर आम्ही त्यांच्या व्हॉट्सॲप गटावर छोटे छोटे व्हिडिओ पाठवत होतो. मुलाला जुलाब लागले तर काय करायचे, धोक्याची लक्षणे कोणती, ओआरएस कसे बनवायचे. एकही व्हिडिओ दीड मिनिटापेक्षा मोठा नव्हता. चित्रे छान, आवाज गोड, बोली त्याच भागातली. प्रत्येक व्हिडिओखाली अंगठे आणि जोडलेले हात यांची रांग लागत असे. ज्या संस्थेसाठी हे काम केले, ती खूश होती. मीही होते.

‘कोण करून दाखवतं?’ मी विचारले. गटावर जिचा अंगठा नेहमी सगळ्यांत आधी येई, तीच पुढे आली. तिने पेलाभर पाणी घेतले, पुडा फाडला, अंदाजाने अर्धी पूड पेल्यात टाकली, ढवळली आणि उरलेला पुडा नीट दुमडून ठेवला. ‘हा संध्याकाळला,’ ती म्हणाली. बाकीच्यांपैकी कुणीही हरकत घेतली नाही.

तो पुडा एक लिटर पाण्यासाठीचा होता. अर्धा पुडा एका पेल्यात म्हणजे द्रावण हवे त्याच्या दुपटीहून अधिक तीव्र. जुलाबाने आधीच सुकलेल्या मुलाला असे पाणी पाजत राहिले, तर त्याच्या रक्तातले सोडियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते. म्हणजे जे वाचवायचे, तेच अपाय करणार.

‘ताई, व्हिडिओ बघितला होता की मी. दोन वेळा बघितला,’ ती ओशाळून म्हणाली. ती खोटे बोलत नव्हती. आणि चूक तिची नव्हतीच. आमच्या व्हिडिओत रेघा मारलेला, एक लिटरचा पारदर्शक जग होता. तिच्या घरात तसा जग नाही. आजारी मूल पाणी पिते ते पेल्याने, तेही घोटघोट. अख्खा पुडा एकदम फोडला तर उरलेले वाया जाणार, हा तिचा हिशेबही संसारी बाईचा होता. पाहिलेले तिने आपल्या घराला जुळवून घेतले आणि त्या जुळवणीत माप हरवले. ते हरवल्याचे आम्हाला महिनाभर कळले नाही, कारण आम्ही अंगठे मोजत होतो.

मी नेमके काय करते?

माझा व्यवसाय इन्स्ट्रक्शनल डिझायनरचा. मी शिक्षिका नाही, डॉक्टरही नाही. विषय जाणणारा एकीकडे असतो आणि शिकू पाहणारा दुसरीकडे. या दोघांमधला पाठ कसा असावा, कोणत्या क्रमाने यावा, कुठे थांबावे, कुठे विचारावे, याची आखणी करणे हे माझे काम. घराच्या बांधकामात आराखडा काढणाऱ्याचे जे काम, तेच शिक्षणात माझे. म्हणून त्या दिवशी सतरंजीवर जे घडले, तो माझ्या आराखड्याचा दोष होता. पाठाऐवजी मी रील बनवली होती.

हे आज सांगण्याचे कारण म्हणजे समाजमाध्यमे आणि मुले यावर सध्या जगभर चाललेला वाद. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. ही जबाबदारी मुलांवर किंवा पालकांवर नाही, कंपन्यांवर आहे. ती पाळली नाही तर ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची विदा वापरण्याआधी पालकांची पडताळलेली संमती घेणे बंधनकारक केले आहे आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवून जाहिराती दाखवण्याला मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले.

ऑस्ट्रेलियाच्या कायद्याच्या प्रवासात एक प्रसंग फार बोलका आहे. २०२४ मध्ये कायदा झाला तेव्हा यूट्यूबला त्यातून वगळण्याचे ठरले होते. कारण काय, तर तिथे मुले शिकतात. पुढे तिथल्या ई-सेफ्टी आयुक्तांनी या सवलतीला विरोध केला आणि जुलै २०२५ मध्ये सरकारने यूट्यूबलाही बंदीच्या यादीत घेतले. खाते न उघडता व्हिडिओ पाहणे मात्र चालूच राहिले. ‘तिथे मुले शिकतात’ हे कारण आधी पुरेसे होते, नंतर पुरेनासे झाले. पण मुले तिथे खरोखर शिकतात का, आणि शिकत असतील तर नेमके काय, हा प्रश्न या सगळ्या वादात मागेच राहिला.

आपल्या घरांतही हेच होते. झोप बिघडते, चिडचिड वाढते, नको ते डोळ्यांसमोर येते, याबद्दल आपण बोलतो. पण मूल विज्ञानाच्या, इंग्रजीच्या किंवा गणिताच्या रील पाहत असेल तर मनात येते, ‘जाऊ दे, निदान शिकतंय तरी.’ हा दिलासा तपासून पाहायला हवा. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाच्या एखाद्या कामासाठी वापरला होता, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. पाहणीने हे दोन रकाने वेगळे ठेवले, ते योग्यच. पण मुलांच्या हातातल्या पडद्यावर ते वेगळे राहिलेले नाहीत. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील आणल्या आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने ‘शॉर्ट्स’ची पहिली चाचणी भारतातच सुरू केली. त्याच वर्षी शाळा बंद होत्या आणि अभ्यास फोनवर आला होता. नाच, विनोद, पाककृती आणि प्रकाशसंश्लेषण एकाच खिडकीतून, एकाच लयीत दिसू लागले.

सोपे वाटले, म्हणजे आले?

शिकण्याच्या विज्ञानात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसून आली आहे: आपल्याला किती आले, याचा आपला स्वतःचा अंदाज फार कच्चा असतो. डोळ्यांसमोरून एखादी गोष्ट सुरळीत सरकली की मेंदू तिला ‘ओळखीची’ म्हणतो आणि ओळखीलाच आपण ज्ञान समजतो.

अमेरिकेत मायकल कार्डस आणि एड ओब्रायन या संशोधकांनी २०१८ मध्ये याचे नेमके प्रयोग प्रसिद्ध केले. टेबलावरची भांडी न पाडता खालचे कापड झटक्यात ओढणे, मायकल जॅक्सनसारखे मागे सरकत नाचणे, बाण फेकून नेम साधणे अशा गोष्टींचे व्हिडिओ लोकांना दाखवले. काहींनी व्हिडिओ एकदा पाहिला, काहींनी वीस वेळा. वीस वेळा पाहणाऱ्यांना वाटले, आपल्याला हे जमेल. प्रत्यक्ष करायला लावले, तर एकदा पाहणाऱ्यांपेक्षा ते काही सरस ठरले नाहीत. पाहण्याने कौशल्य वाढले नाही, वाढला तो आत्मविश्वास. याच संशोधनात आणखी एक बारकावा होता. दांडू हवेत उडवून झेलण्याचा खेळ पाहिल्यावर काही जणांच्या हातात ते दांडू थोडा वेळ नुसते धरायला दिले. वजन हाताला कळले आणि त्यांचा फुगलेला अंदाज खाली आला. आमच्या सतरंजीवर त्या पुड्याने आणि पेल्याने तेच काम केले. फक्त महिनाभर उशिरा.

दुसरा प्रयोग वाचनाचा. वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा अभ्यासायला दिला. एका गटाने तो चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रे पुस्तक मिटून आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा वाचणाऱ्या गटाला ८३ टक्के आठवत होते, आठवणाऱ्या गटाला ७१ टक्के. आठवड्याने चित्र उलटे झाले. वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले, आठवणारे ६१ टक्क्यांवर टिकले. गंमत अशी की, आपल्याला जास्त लक्षात राहील असा विश्वास पहिल्या गटालाच अधिक होता.

तिसरा प्रयोग वर्गातला. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या काही विद्यार्थ्यांना उत्तम, ओघवते व्याख्यान दिले. काहींना तोच भाग गटात बसून, अडखळत, स्वतः सोडवत शिकायला लावला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अडखळणाऱ्यांचे गुण जास्त आले. पण ‘आम्ही जास्त शिकलो’ असे वाटले ते व्याख्यान ऐकणाऱ्यांना.

तिन्ही प्रयोगांचे सांगणे एकच. शिकताना थोडा त्रास व्हावा लागतो. डोक्यात शिरलेले पुन्हा बाहेर काढताना, चुकताना आणि चूक दुरुस्त होताना ते पक्के होते. आपल्याकडे घोकंपट्टीची चेष्टा होते, आणि अर्थ न समजता घोकण्याबाबत ती रास्तही आहे. पण पाढे न पाहता म्हणून घेणे, धडा मिटून प्रश्न विचारणे, फळ्यासमोर उभे करून गणित सोडवायला लावणे यामागे हेच सूत्र होते. आपण घोकंपट्टी टाकून दिली, ते बरे केले. तिच्याबरोबर आठवून सांगण्याची सवयही टाकली, हे बरे केले नाही.

कशाचे मोजमाप, त्यावर सारे

आता रीलचा साचा पाहा. एक व्हिडिओ संपण्याआधीच पुढचा तयार असतो. जिथे थांबून ‘आत्ता काय पाहिले?’ असे मनाशी विचारायचे, ती जागाच काढून टाकलेली असते. अडखळणे तर त्या साच्याचा शत्रू. कारण जो अडखळतो तो फोन खाली ठेवतो. यामागे कुणाचा कट आहे असे मानायचे कारण नाही. यूट्यूबने २०१२ मध्ये शिफारशींचा निकष बदलला. किती वेळा पाहिले यापेक्षा किती वेळ पाहिले, याला महत्त्व दिले. पाहण्याचा वेळ विकूनच ज्यांना जाहिराती मिळतात, त्यांच्यासाठी हा निकष अगदी तर्कशुद्ध आहे. पण जे मोजले जाते तेच वाढते. पाहणाऱ्याला आठवड्याने काय आठवते, हे या व्यवस्थेत कुठेच मोजले जात नाही. त्यामुळे उत्तम शिक्षकही तिथे गेला की हळूहळू त्याच्या धड्यातला प्रश्न गळतो, थांबा गळतो आणि गृहपाठ गळतो. उरते ती रंजक माहिती. मीही त्याच वाटेने गेले होते.

याच्या अगदी उलट मोजमापाचे एक उदाहरण आपल्या शेजारी आहे, आणि योगायोगाने तेही जुलाबाचेच. बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांत जाऊन आयांना जुलाबावरचे घरगुती द्रावण शिकवले. बहुतेक बायका निरक्षर होत्या आणि घरात मापे नव्हती. म्हणून माप हातातच शोधले: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणाऱ्या कार्यकर्त्या घरोघरी जात आणि द्रावण त्या आईकडूनच बनवून घेत. पण खरी कल्पकता पगारात होती. काही आठवड्यांनी दुसराच माणूस त्यांतल्या काही निवडक घरी जाई, आईला काय आठवते ते विचारी, द्रावण बनवायला लावी आणि तिच्या उत्तरांवर कार्यकर्तीचा मोबदला ठरे. किती घरांत गेलात, किती जणींनी ऐकले, याला तेवढे मोल नव्हते. मागे काय उरले, याला होते.

माझ्या व्यवसायातले बरेचसे शहाणपण या एका पगारपत्रकात आहे. ब्रॅकने उरलेल्या आठवणीचे पैसे दिले. आपली समाजमाध्यमे गेलेल्या वेळाचे पैसे देतात. दोन्हीकडचे शिकवणारे तितकेच हुशार आणि तितकेच तळमळीचे असले, तरी फळ वेगळेच येणार.

मग समाजमाध्यमे निरुपयोगी?

नाहीत. याच विषयातले ताजे उदाहरण घ्या. बाजारात साखरेचे प्रमाण भरपूर असलेली काही पेये नावात ‘ओआरएस’ लावून विकली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध सुमारे आठ वर्षे लढा दिला. न्यायालयात, सरकारदरबारी आणि समाजमाध्यमांवरही. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर हा शब्द वापरण्यास मनाई केली. त्यांचे व्हिडिओ पाहून असंख्य पालकांनी पाकीट उलटे करून घटक वाचले असतील. हे समाजमाध्यमांचे खरे बळ.

पण इथे लोकांना काय करायचे होते? एक गोष्ट कळून घ्यायची होती: ‘नाव पाहून घेऊ नका, पाकिटावरचे सूत्र वाचा.’ हे कळवणे आहे. लसीकरणाची तारीख, उष्णतेच्या लाटेचा इशारा, बनावट औषधाची बातमी, हेही कळवणे. त्यासाठी रीलसारखे वेगवान साधन नाही. द्रावण नेमके बनवणे, बंद पडलेल्या हृदयावर मिनिटाला १०० ते १२० या गतीने आणि योग्य खोलीपर्यंत दाब देणे, इन्सुलिनची सुई टोचणे, एवढेच काय, अपूर्णांकांची बेरीज करणे, हे शिकवणे आहे. ते पाहून येत नाही. कळवण्याच्या साधनाने शिकवले, असे मानले की फसगत होते. आणि आरोग्याच्या बाबतीत ही फसगत एखाद्याच्या जिवावर बेतू शकते.

ही फसगत घरापुरती नाही. कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षणही आता मोठ्या प्रमाणात पडद्यावर गेले आहे. व्हिडिओ शेवटपर्यंत चालला, चार सोप्या प्रश्नांवर खूण केली आणि प्रमाणपत्र मिळाले. दूरच्या गावापर्यंत पोहोचण्याचा हा स्वस्त मार्ग आहे, हे मान्य. पण ‘किती जणांनी पूर्ण केले’ हा आकडा पोहोचल्याचा आहे, शिकल्याचा नाही. प्रशिक्षणावर पैसे खर्च करणाऱ्या प्रत्येक खात्याने आणि संस्थेने आणखी एक आकडा मागायला हवा: महिन्याने, न सांगता, काही जणांकडून प्रत्यक्ष करून घेतले तेव्हा किती जणांना जमले? तो आकडा मागितला जाऊ लागला, तर प्रशिक्षण देणारे आपोआप आपला आराखडा बदलतील. मी बदलला.

वयाच्या अटीबद्दलही एवढेच म्हणेन. मुलांना जपण्यासाठी ती लागेलही. पण सोळावा वाढदिवस झाला की तोच साचा त्याच मुलाच्या हातात येणार. पाहणे आणि शिकणे यांतला फरक त्याला तोवर कुणी दाखवला नसेल, तर वय वाढून काय होणार?

घरात हा फरक दाखवायला खर्च येत नाही. मुलाने एखादा ज्ञानवर्धक व्हिडिओ पाहिला, तर फोन पालथा ठेवायला सांगा आणि म्हणा, ‘आता मला समजावून सांग.’ पहिल्यांदा ते अडखळेल, चिडेलही. अडखळले की शिकणे सुरू झाले असे समजा. दोन दिवसांनी जेवताना पुन्हा एकदा सहज विचारा. करून पाहण्यासारखी गोष्ट असेल तर करू द्या, चुकू द्या. हाच नियम आपल्यालाही. आरोग्याचा एखादा सल्ला पुढे पाठवण्याआधी, तो न पाहता आपल्याला नीट सांगता येतो का, एवढे तपासले तरी निम्मा कचरा थांबेल.

आणि ओआरएसचे म्हणाल तर पुड्यावर किती पाणी लिहिले आहे ते आधी वाचा. मोठा पुडा एक लिटरचा असतो; २०० मिलिलिटरचे छोटे पुडेही मिळतात. जो पुडा असेल तो पूर्ण, आणि लिहिले आहे तेवढ्याच पिण्याच्या स्वच्छ पाण्यात. वर साखर, मीठ, दूध, रस काही नाही. बनवलेले पाणी २४ तासांत संपवा, उरले तर फेकून द्या. मूल सुस्त झाले, पाणी पिईनासे झाले, लघवी कमी झाली किंवा शौचातून रक्त गेले तर वाट न पाहता डॉक्टरकडे न्या.

त्या गावात पुढे आम्ही व्हिडिओ बंद केले नाहीत, पण त्यांचा क्रम उलटा केला. आधी गटावर प्रश्न जायचा: ‘तुमच्या घरात एक लिटर पाणी नेमकं कशात मावतं? फोटो पाठवा.’ उत्तरे येऊ द्यायची, चुका होऊ द्यायच्या, मग व्हिडिओ. आठवड्याने पुन्हा तोच प्रश्न थोडा फिरवून. अंगठे कमी झाले. फोटो येऊ लागले: पाण्याची रिकामी बाटली, दुधाची बरणी, एका घरातला वजनदार पितळी तांब्या. पुडा दुमडून ठेवणाऱ्या त्या मुलीचा फोटो या वेळी सगळ्यांत शेवटी आला. तिने शेजारच्या दुकानातून लिटरची बाटली आणून ते पाणी आपल्या स्टीलच्या डब्यात ओतले होते आणि पाणी जिथवर आले, तिथे नेलपॉलिशने लाल रेघ ओढली होती.